ट्रॅक्टर गेला, दगड राहिले

हिवाळा आला की शहरातली माणसं गुलाबी थंडीचं कौतुक करायला लागतात. सकाळी फिरायला जातात, कोपऱ्यावर चहा पितात, मोबाइलवर धुक्याचे फोटो टाकतात. टाकू देत. माझा हिवाळा वेगळा आहे. फुलंब्रीच्या पुढं एका सरकारी दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीमागं बसते आणि राहते शहरात, क्रांती चौकाच्या जवळ. रोज सकाळी हर्सूल मागं टाकून, चौक्याचा घाट चढून मला जावं लागतं. नोव्हेंबर सरला की हर्सूलच्या पुढं रस्ता नाहीसा होतो. समोर पांढरं, बाजूला पांढरं, आणि त्या पांढऱ्यात आपली माणसं गाड्या चालवत असतात. कशा चालवतात ते आधी सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे.

धुक्यात मोठा दिवा लावायचा नसतो. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. हे कळायला कुठल्या शाळेत जावं लागत नाही, एकदा लावून बघितलं की कळतं. पण समोरून येणारा जो तो मोठा दिवा लावून येणार, आणि मी खालचा दिवा लावून हळू चालले असेन तर वर मलाच दिवा मारून दाखवणार, म्हणजे चूक माझी. काही जण चारही इंडिकेटर लुकलुकवत चालतात. का, तर आपण सरळ चाललोय हे जगाला कळावं म्हणून. अरे बाबा, सरळ चाललायस तर चाल की सरळ! मागच्याला वाटतं गाडी बंद पडून उभी आहे. आणि तुला मधेच डावीकडं वळायचं झालं तर ते कसं सांगणार? मोटरसायकलवाल्यांचं तर विचारूच नका. डोक्याला मफलर, त्यावर कानटोपी, कान असे बांधलेले की मागून वरात आली तरी ऐकू जायचं नाही. हेल्मेट असतं, पण ते आरशाला लटकवलेलं. कानटोपीवरून ते बसत नाही म्हणे. मग कानटोपी काढा! पण नाही, थंडी वाजते.

मी काच दोन बोटं खाली ठेवून चालवते, कितीही गारठा असला तरी. धुक्यात दिसायच्या आधी ऐकू येतं. डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून राहते, पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटत नाही, आणि आतून काचेवर वाफ धरली की पुसायला मांडीवर जुन्या साडीचं फडकं ठेवते. नवरा मला बैलगाडी म्हणतो. म्हणू दे. माझ्या खिडकीसमोर हिवाळाभर जे लोक लंगडत, गुडघे सोलून, ओठ फाटून दुखीच्या गोळ्या घ्यायला उभे राहतात त्यांत बैलगाडीवाला मी अजून बघितलेला नाही.

तरी एवढं सगळं मी सहन करते. दगड मात्र मला सहन होत नाहीत.

आपल्याकडं गाडी रस्त्यात बंद पडली की माणूस पहिल्यांदा काय करतो? कडेला जातो, पायाखाली बघतो आणि दगड उचलून आणतो. चांगले नारळाएवढे, कधी कधी पाटीएवढे. गाडीच्या मागं, पुढं, बाजूला ते ओळीनं मांडतो. कोणी येऊन धडकू नये म्हणून. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण डिकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलाच असतो. गाडी विकायला काढली की तो कोरा करकरीत निघतो. ठीक आहे, त्रिकोण नसेल, ट्रॅक्टरवाल्याकडं तर नसतोच, दगड तर दगड. त्यामागं काळजी आहे, हे मलाही कळतं. माझं डोकं फिरतं ते त्याच्या पुढं. गाडी दुरुस्त होते. माणूस हात पुसतो, गाडीत बसतो आणि निघून जातो. दगड तिथंच राहतात. ज्यानं लोकांनी धडकू नये म्हणून ते एवढ्या कष्टानं वाहून आणले, त्याला ते उचलायला वाकवत नाही. दिवसा लोक वळसा घालून जातात. धुक्यात काय करायचं?

माझा थोरला भाऊ त्या दगडांवर पडला.

दादा शहरातच राहतो, एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर आहे. दुपारची पाळी. आमची थोडी शेती फुलंब्रीच्या पुढं आहे, ती तोच बघतो. विहीर आमची आणि चुलत भावाची मिळून एक आहे, एक दिवस त्याचं पाणी, एक दिवस आमचं. डिसेंबरात गव्हाला पाणी द्यायचं असतं आणि त्या आठवड्यात मोटारीची लाईट पहाटे येत होती. म्हणून दादा अंधारातच मोटरसायकल काढून निघायचा, पाणी देऊन दुपारी कामावर. मी त्याला कितीदा म्हटलं असेल, की माझ्यासोबत गाडीत चल, मी थोडी लवकर निघेन. तर म्हणायचा, "तुझ्या गाडीत बसलो तर गहू काढणीला येऊन जाईल मी पोचेपर्यंत."

त्या दिवशी मलाही कामावर लवकर पोचायचं होतं, मीही अंधारातच निघाले होते, आणि धुकं असं होतं की मला माझ्याच गाडीचं बोनेट धड दिसत नव्हतं. चौका ओलांडल्यावर मला रस्त्याच्या मधोमध माणसं दिसली. आधी आवाज आला, मग पाय दिसले, मग माणसं. दहा-बारा जण ऐन रस्त्यात उभे, एकाच्याही हातात बॅटरी नाही. मी गाडी पार कडेला, मातीत उतरवली आणि ओरडतच खाली उतरले, "अहो, बाजूला व्हा, मागून ट्रक येईल!" कोणी हललं नाही. मग मला मोटरसायकल दिसली. तिच्या आरशाला लटकलेलं हेल्मेट ओळखीचं होतं, त्याच्यावर भाच्यानं लाल स्टिकर चिकटवलं होतं.

दादा कडेला बसला होता. कानटोपीच्या आतून रक्त ओघळत होतं आणि उजवा हात त्यानं डाव्या हातात असा धरला होता जसा काही तो कोणा दुसऱ्याचा हात होता. मला बघून म्हणाला, "काही नाय झालं. दगडावरनं घसरलो." मनगटाची दिशा बघून मला कळलं काय झालंय ते. इतकी वर्षं जखमी माणसं बघते मी.

आणि आता ऐका. मी दादाला उठवून गाडीकडं नेत होते, तेव्हा मागं वळून बघितलं तर जमलेल्यांपैकी दोघं जण त्या पडलेल्या मोटरसायकलभोवती दगड मांडत होते. कुठले दगड? तेच! ज्यांच्यावर माझा भाऊ आपटला तेच दगड उचलून त्याच्याच गाडीभोवती नीट गोल लावत होते, कोणी येऊन धडकू नये म्हणून. त्यातला एक मला म्हणाला, "तुम्ही जा मॅडम बिनफिकीर, गाडी आम्ही बघतो."

दादाला घेऊन मी शहराकडं गाडी वळवली. आयुष्यात पहिल्यांदा मला हळू चालवायची लाज वाटली, तरी हळूच चालवली. दादा मागच्या सीटवर कण्हत होता आणि मी पांढरी पट्टी शोधत होते.

हात मोडला होता, तोही वाईट जागी. ऑपरेशन झालं, हाडाला स्टीलची पट्टी बसवली, खांद्याचं हाड मोडलं होतं ते वेगळंच. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण मूठ पूर्वीसारखी मिटेल की नाही ते सांगता येत नाही. मशीनवरच्या माणसाची मूठ! दादा घरी आल्यावर दिवसभर पलंगावर बसून आपल्या बोटांकडं बघायचा. रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो त्याच्या हातातून घरंगळून जायचा आणि वहिनी तो पुन्हा उचलून द्यायची. कारखान्यातून फोन यायचा, कधी येताय. तो म्हणायचा, "येतो, येतो, बोटं वळायलेत हळूहळू." वळत नव्हती.

भेटायला येणारे लोक काय बोलायचे ते मला पाठ झालं होतं. देवाची कृपा, डोक्यावरचं टळलं. हातावर निभावलं म्हणा. हेल्मेट घालायला पाहिजे होतं. पहाटेचं निघायचं कामून? थंडीच्या दिवसात गाडी जपून चालवावी. म्हणजे सगळ्यांकडं दादाला सांगण्यासारखं काहीतरी होतं. दगड कुणी ठेवले आणि कुणी उचलले नाहीत, हे मात्र एकाही माणसानं विचारलं नाही. जणू ते दगड रस्त्यालाच फुटले होते, पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे. एकदा मी दादाच्या मामेसासऱ्यांना तोंडावर विचारलं, "आणि ज्यानं दगड टाकले त्यानं काय करायला पाहिजे होतं?" ते चहा फुंकत म्हणाले, "आता बाई, रोडचं काय, रोडवर काहीबी असतं." वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं, नाहीतर मी त्या दिवशी पाहुण्यांना चहासुद्धा पिऊ दिला नसता.

कामावर परत जायला लागले तेव्हा त्या जागी मी गाडी थांबवली. मोटरसायकल केव्हाच गावातल्या पोरांनी नेली होती. दगड तसेच होते. रिकाम्या जागेभोवती छान गोल मांडलेले. मी दिवा लुकलुकत ठेवला, तो त्रिकोण प्लास्टिक फाडून मागं लावला आणि एकेक दगड उचलून नाल्यात टाकायला लागले. जड होते. पदर खोचला, कंबर धरली, तरी टाकले. मागून एक पिकअप आली, मोठा दिवा लावून, आणि ड्रायव्हरनं काचेतून डोकं काढलं. "ओ मॅडम, क्या कर रै तुम बीच रोड पे? मरना है क्या?" मी हातातला दगड त्याला दाखवला आणि म्हटलं, "तुम्हालाच वाचवते आहे, या खाली, हात लावा!" तो हसला आणि गेला. त्या दिवसापासून मी दिसेल तिथला दगड उचलते. दवाखान्यातले लोक आता मला त्यावरून चिडवतात, कोणी म्हणतं मॅडमना रस्ते खात्यात घ्या. घ्या म्हणावं.

दगड कुणाचे, हे मला फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं. मी त्याच्याकडं कधी थांबत नाही, पण एक दिवस काच पुसायला थांबले तर म्हणाला, "तुमचे भाऊ कसे हायेत? वाईट झालं बगा. अन् ट्रॅक्टर बी तुमच्याच भावकीतलं." मी विचारलं, कुठलं ट्रॅक्टर? तेव्हा कळलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मक्याची पोती भरलेली ट्रॉली तिथं टायर फुटून बसली होती. दगड लावले, जॅक लावला, कोणी एक मोटरसायकलवाला मदतीला थांबला होता, अंधार पडल्यावर टायर बदलून ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टर होता माझ्या चुलत भावाचा.

चुलत भाऊ म्हणजे कोण? दादा ॲडमिट होता तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस बाकावर बसलेला तो. थर्मास घेऊन येणारा, दादाला धरून बाथरूमला नेणारा, आमच्या गव्हाला आपल्या पाळीच्या आधी पाणी देणारा तो. वयानं माझ्याहून लहान, मला आक्का म्हणतो, लहानपणी माझ्या कडेवर वाढलेला. आणि एवढ्या दिवसांत त्याच्या तोंडून एक शब्द नाही! मला आठवलं, दवाखान्यात मी दगडवाल्याला शिव्या देत होते तेव्हा तो खाली मान घालून थर्मासचं झाकण फिरवत बसला होता. माझ्या शिव्या ऐकत. माझ्या समोर.

मी सरळ दादाकडं गेले आणि सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो चेंडूकडं बघत म्हणाला, "ठाऊक हाय मला. तू विषय काढू नको."

"का काढू नको?"

"नको म्हनलं ना."

मी समजले, विहीर. सामाईक विहीर, तोच पाणी देतोय, त्याला दुखवलं तर गहू वाळणार. म्हणजे दादाच्या हातापेक्षा विहीर मोठी! मी ते त्याला बोलूनही दाखवलं. दादा भिंतीकडं तोंड करून झोपला. वहिनीनं मला खुणेनं बाहेर जायला सांगितलं. त्या दिवशी घरी येताना मला सगळ्यांचाच संताप आला होता. दादाचा, वहिनीचा, चुलत भावाचा, धुक्याचा, आणि या आपल्या सवयीचा, की ज्याचं जातं त्यानंच गप्प बसायचं, म्हणजे बाकीच्यांना जेवण गोड लागतं.

जानेवारीत चुलत भावानं हुरड्याला बोलावलं. दरवर्षी बोलावतो. मी जाणार नव्हते, पण दादाला गाडीतून न्यायला दुसरं कोणी नव्हतं. सकाळचं धुकं ओसरल्यावर आम्ही निघालो. दादा माझ्या शेजारी बसला होता, पट्ट्यात हात अडकवून. ती जागा आली तेव्हा दोघंही रस्त्याकडं बघत राहिलो.

ज्वारी चांगली आली होती. शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या, तिखट चटणी, गूळ, दही, बोरं, सगळं मांडलेलं. आम्ही गोल बसलो. हुरडा ज्यांनी खाल्लाय त्यांना माहीत आहे, भाजलेलं कणीस गरम असतानाच दोन्ही तळहातांत धरून चोळावं लागतं, मग दाणे सुटतात, फुंकर मारून कोंडा उडवायचा. दोन हात लागतात त्याला. दादानं कणीस उचललं. डाव्या हातात धरलं, उजवा त्यावर ठेवला. बोटं वळलीच नाहीत. कणीस खाली पडलं. त्यानं पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. कोणी त्याच्याकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

चुलत भाऊ उठला, दादाच्या शेजारी येऊन बसला, आणि गरम कणीस चोळून दाणे दादाच्या ताटलीत टाकायला लागला. एक झालं की दुसरं. तळहात लालभडक झाले होते त्याचे. त्याची बायको कौतुकानं बघत होती. दादा ते दाणे खात होता, मान खाली घालून.

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "बास कर. चोळून देतोस ते दिसतंय सगळ्यांना. दगड का नाही उचललेस ते सांग."

त्याचे हात थांबले. मी थांबले नाही. म्हटलं, "तुझा ट्रॅक्टर होता ना? तुझा टायर बसला होता ना? चार दगड बाजूला लोटायला किती वेळ लागला असता? दवाखान्यात बाकावर बसून राहिलास तेवढा? अरे, निदान तोंडानं म्हण तरी, की चुकलं. थर्मास आणतोस, पाणी देतोस, हुरडा चोळतोस, आणि एवढं एक वाक्य तुझ्यानं बोलवत नाही?"

"चुकलं, आक्का," तो म्हणाला. लगेच. मला वाटलं होतं तो भांडेल, कारणं सांगेल. तो फक्त म्हणाला, "चुकलं माझं," आणि कोंडा झटकत बसला. त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काही बोलायला गेली तर त्यानं तिच्याकडं असं बघितलं की तिनं तोंड मिटलं.

तेव्हा दादा बोलला. "त्याला कामून बोलायलीस? दगडं मी लावले होते."

मला कळेना तो काय म्हणतोय. तो खाली बघतच सांगत होता. आदल्या दिवशी त्याची सुट्टी होती. संध्याकाळी शेतावरनं परत येताना त्याला ट्रॉली दिसली, तो थांबला. मदतीला थांबलेला मोटरसायकलवाला तोच. चुलत भाऊ जॅक लावत होता, म्हणून दगड आणून मांडले ते दादानं. सगळे. आपल्या दोन हातांनी. टायर बदलला, हा ट्रॅक्टरवर चढला, दादानं मोटरसायकलला किक मारली, आणि एक फुलंब्रीकडं गेला, एक शहराकडं.

"मला वाटलं हा चढायच्या आधी लोटंल बाजूला," दादा म्हणाला.

"मला वाटलं दादा मागं हायेत, ते लोटतील," चुलत भाऊ म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "आणि तू इतके दिवस माझ्या शिव्या खात बसलास? सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, आक्का? दादाचा हात गेला. वरून त्यांनीच लावले होते म्हनून सांगत फिरू?"

तरी राग होता तिथंच होता. उलट वाढला. आतापर्यंत तो ठेवायला निदान एक माणूस होता. मी दादाकडं वळले. "तुला माहीत होतं ना दगड कुठं आहेत ते? तूच मांडले होतेस. मग धुक्यात त्या जागेवरून तू जातोस कसा?"

दादानं डावा हात ताटलीत नुसताच फिरवला. मग म्हणाला, "ती जागा ध्यानात होती. चौका सोडल्यापासनं ध्यानात होती. लई हळू आलो तिथपर्यंत, तुझ्यावानी. म्हनलं टायर पुन्हा बसलं असंल, ट्रॅक्टर तिथंच असंल अजून, जाऊन आदळायचो. पाय टेकवत टेकवत आलो. मग बघितलं, ट्रॅक्टर नाय. म्हनलं, गेलं, रस्ता मोकळा हाय. अन् गाडी जोरात काढली."

चुलत भाऊ पुन्हा कणीस चोळायला लागला होता. दाणे मातीत सांडत होते, आणि दादा डाव्या हातानं ते एकेक वेचून ताटलीत टाकत होता.